हिरडे, बेहडे आणि साळूची पाणखूण

सात पाणवठ्यांच्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे काटे, चाल डुलत डुलत, आणि डोक्यात सदा काहीतरी शिजत असलेलं. इतर साळिंदरांचा काटा गळला की ती तो तिथेच टाकून पुढे जात. ही मात्र प्रत्येक काटा उचलून बिळात आणून ठेवी. कुठे भोक पाडायला, कुठे वेल ओवायला. तिच्या घरी जायचं म्हणजे पाहुण्याला पाय जपून टाकावा लागे.

"अगं, किती हा पसारा!" नवरा म्हणे.

"लागेल कधीतरी," ही म्हणे. आणि खरंच, कधी ना कधी तो लागेच.

शेजारच्या जाळीत एक हरणी राहायची. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. आदल्या उन्हाळ्यात त्या हरणीवर फार वाईट प्रसंग आला होता. त्या जंगलात एक टेकडी होती. टेकडीवरून सातही पाणवठ्यांची झाडं दिसत, पण पाणी काही दिसत नसे. कुठला पाणवठा भरलेला आणि कुठला आटलेला, हे तिथवर पाय तोडत गेल्याशिवाय कळायचं नाही. हरणी आपल्या पाडसाला घेऊन मोठ्या तळ्यावर गेली, तर तळं कोरडं ठणठणीत. तिथून दुसऱ्या पाणवठ्याकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत पाडसाने मान टाकली. हरणी परत आली ती एकटीच. ते रडणं साळूने शेजारी राहून ऐकलं होतं, मुलांनो. ते तिच्या कानातून जाईना.

आता हरणीला नवं पाडस झालं होतं आणि पुन्हा उन्हाळा जवळ येत होता. साळूने मनाशी ठरवलं, या वेळी हे होऊ द्यायचं नाही.

तिने काट्याने भोक पाडून एका भोपळ्यात खडे भरले, भोक डिंकाने बंद केलं आणि तो वेलीला बांधून आपल्या बिळाजवळच्या लहान डोहात सोडला. वेल वरच्या फांदीवरून घेतली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तांबड्या मातीत बुचकळलेल्या गवताचा झुपका बांधला. पाणी खाली गेलं की भोपळा खाली जाई आणि तिकडे लाल झुपका वर चढे. पाणी अगदीच आटलं, तर झुपका झाडाच्या शेंड्याशी पोचून टेकडीवरून दिसणार होता. लाल दिसला की समजायचं, इथे पाणी नाही, येऊ नका. साळूने त्याला नाव ठेवलं पाणखूण. पंधरा दिवस तिने ती राबवून पाहिली. खूण बरोबर चालत होती.

आता ही खूण सगळ्या पाणवठ्यांवर बांधायची तर एकटीचं काम नव्हतं. साळिंदर काही झाडावर चढत नाही. म्हणून साळू सभेत गेली.

सभा भरे ती तिन्हीसांजेला, मोहाच्या झाडाखाली. तिथे एक दगड होता. ज्याला काही मांडायचं असेल त्याने दगडावर चढायचं, बोलायचं, आणि मग पाच पंचांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा, अशी रीत होती. पंच म्हणजे गवा, अस्वल, रानडुक्कर, सांबर आणि मोर. पाचही बाप्येच. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काम त्या पाचांचंच होतं!

साळू दगडावर चढली. तिने पाणखूण समजावून सांगितली आणि म्हणाली, "मला वानरांची टोळी चार दिवस द्या आणि ओढ्याकाठच्या वेलीवरचे भोपळे द्या. उन्हाळा तापायच्या आत सगळीकडे बांधून देते."

"आणि तुटली तर?" अस्वलाने विचारलं.

"पुन्हा बांधीन, अस्वलदादा."

"वाऱ्याने वेल फांदीत गुंतली तर?" रानडुक्कर म्हणालं.

"फांदी घासून गुळगुळीत करता येते."

"अर्ध्या उन्हाळ्यात तुझा उत्साह मावळला तर?" सांबराने मान तिरकी करून विचारलं.

"नाही मावळणार," साळू म्हणाली. पण बोलता बोलता तिचे काटे खुळखुळू लागले. बाईमाणूस बुजलं की काय, असं पंच एकमेकांकडे बघू लागले.

मग मोराने पिसारा सावरला. "ते सगळं असू दे. तू अशी रानभर हिंडणार, मग पिल्लांजवळ कोण?"

"त्यांचा बाप आहे की! तो काय घरी पाहुणा आलाय?"

सभा खो खो हसली. साळूचा नवरा मागे दोन पिल्लांना पोटाशी घेऊन बसला होता, तो तेवढा हसला नाही.

शेवटी गवा बोलला. तो सभेचा मुख्य, वयाने मोठा, मनाने वाईट नव्हता. "बाई गं, सगळं फसलं तर जबाबदारी कोणाची? पुढच्या वर्षी बघू."

साळू खाली मान घालून घरी आली.

आता पुढची गंमत ऐका. त्या सभेत एक कोल्हा बसला होता. तो माना डोलावत सगळं ऐकत होता आणि त्याने डोहावर जाऊन पाणखूण चारी बाजूंनी पाहूनही घेतली होती. तिसऱ्याच दिवशी तो त्याच दगडावर चढला, शेपटी फुलवली आणि म्हणाला, "मंडळी, मी एक पाणखूण काढली आहे!"

तोच भोपळा, तीच वेल आणि तोच लाल झुपका. पण पंच सरसावून बसले.

"वा! किती पाणवठ्यांवर बांधणार?" अस्वलाने विचारलं.

"सहा! सातवा तो साळूच्या बिळाजवळचा डोह म्हणजे डबकं. तो सोडून देऊ."

"किती लांबून दिसेल?" "किती दिवसांत होईल?" "शेजारच्या जंगलातही नेता येईल का?" रानडुक्कर, सांबर आणि मोर एकामागून एक विचारत होते आणि कोल्हा प्रत्येकाला हवं ते उत्तर देत होता. कोल्ह्याच्या घरी चार पिल्लं होती. त्यांच्याजवळ कोण, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"आणि पुढे काय काय करशील?" गव्याने कौतुकाने विचारलं. तिथेच वानरांची टोळी चार दिवसांसाठी कोल्ह्याला मिळाली, आणि वेलीवरचे झाडून सगळे भोपळेही.

हे कळलं तेव्हा साळूने बिळातले जमवलेले काटे बाहेर भिरकावून दिले आणि ती रडली. चांगली हमसून रडली. "मी एवढी मरमर केली, आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मोकळा झाला!"

नवऱ्याने एकेक काटा वेचून परत आत आणून ठेवला. "राहू दे. लागेल कधीतरी," तो म्हणाला.

एवढ्यात झाडावरून एक म्हातारी वानरी उतरली. सगळं रान तिला मावशी म्हणत असे. तिने साळूचं सांत्वन वगैरे काही केलं नाही. तिने दोन ढीग जमिनीवर ओतले. एका ढिगात पाच हिरडे होते, दुसऱ्यात पाच बेहडे.

"हे काय गं मावशी?"

"सभेच्या वेळी मी वर मोहावर बसलेली असते. पंचांनी पडझडीचं विचारलं की एक हिरडा बाजूला ठेवते आणि भरभराटीचं विचारलं की एक बेहडा. हे पाच हिरडे तुझे आणि हे पाच बेहडे कोल्ह्याचे. तुला एक बेहडा मिळाला नाही आणि त्याला एक हिरडा मिळाला नाही. खूण मात्र दोघांची एकच!"

साळू बघतच राहिली. "म्हणजे मी नीट बोलले नाही, असं नाही?"

"काटे जरा जास्त खुळखुळले, ते सवयीने जाईल. अगं, माझंही हेच झालं. वाघ दिसला की झाडावरून हाळी द्यायची आणि खाली हरणांनी पळायचं, ही टूम मी काढली. तेव्हा मला म्हणाले, तुला खोकला झाला तर? तीन उन्हाळे नुसते हिरडेच चघळले मी! मला तेव्हा कुणी सांगायला नव्हतं, म्हणून तुला सांगायला आले." मग वानरीने एक हिरडा उचलून साळूच्या पुढ्यात ठेवला. "पण एक लक्षात ठेव. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा, असं जाणते म्हणतात. तुरट लागतो, पण गुण देतो. आता फुकट मिळालेच आहेत, तर एकेक नीट चावून बघ."

साळूने पहिला हिरडा घेतला. तुटली तर? सभेत ती पटकन म्हणाली होती, पुन्हा बांधीन. पण ती बांधायला पोचेपर्यंत टेकडीवरून काय दिसेल? वेल तुटली की लाल झुपका धपकन खाली पडणार. झुपका दिसला नाही की जनावरं समजणार, पाणी आहे!

साळूच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. "मावशी! मी उलटीच बांधली गं! मोडली की ती खोटं बोलणार. आणि आता तशा सहा बांधल्या जातायत!"

ती तशीच धावत कोल्ह्याकडे गेली. त्याने वेलीवरचे हिरवेगार, ओले भोपळे तोडून आणले होते. ओला भोपळा पाण्यात महिनाभरही धड राहत नाही, हे तिला माहीत होतं. तिने सगळं समजावून सांगितलं.

"साळूबाई, जळता होय?" कोल्हा हसून म्हणाला.

ती गव्याकडे गेली. तिथे अस्वलही बसलं होतं. "स्वतःला नाही मिळालं म्हणून दुसऱ्याला नावं ठेवू नयेत," अस्वल म्हणालं. गवा नुसताच रवंथ करत राहिला.

परत आली तेव्हा वानरी वाट बघत होती. "आता?"

"आता माझ्या हातात एक डोह आहे. तिथे सरळ बांधते," साळू म्हणाली.

टोळीतले सगळे वानर कोल्ह्याच्या कामाला गेले होते, म्हणून मावशीने आपल्या दोन लेकी आणि एक बहीण आणली. भोपळे सगळे कोल्ह्याकडे, म्हणून तिने आपल्या ढोलीतला मागच्या वर्षीचा एक वाळका भोपळा काढून दिला. तो दगडासारखा टणक झाला होता. नवऱ्याने पिल्लं सांभाळली आणि रोज कंदही खणून आणले. साळूने या खेपेला फांदीवरून वेल घेतलीच नाही. तिने तरंगत्या भोपळ्यावर एक उंच, हलका वेळू उभा केला आणि त्याच्या टोकाला बगळ्याच्या पिसांचा पांढरा झुपका बांधला. वेळू आडवा पडू नये म्हणून वानरींनी तो झाडाला बांधलेल्या वेलीच्या दोन कड्यांतून ओवला. पाणी असेपर्यंत पांढरा झुपका झाडांच्या वर दिसायचा. पाणी गेलं की झुपका खाली, आणि वेळू मोडला किंवा भोपळा फुटला तरीही झुपका खालीच.

मग ती हरणीकडे गेली. "हे बघ बाई, लाल दिसत नाही म्हणून कुठे जाऊ नकोस. पांढरा दिसला तरच ये. पांढराही दिसेनासा झाला तर समज, पाणी तरी गेलं किंवा माझी खूण तरी मोडली. मग मी स्वतः येऊन सांगीन."

हरणीने आपल्या पाडसाकडे पाहिलं. "चुकली तर नाही ना गं साळू? मला आता दुसरं पाडस गमवायचं नाही."

"मोडली तरी खोटं बोलणार नाही, अशी बांधली आहे."

वैशाख आला. ऊन असं की दगडावर पाय ठेववेना. कोल्ह्याच्या खुणा आधी छान चालल्या. मग एकेक लाल झुपका वर चढू लागला आणि जनावरं तो पाणवठा टाळू लागली. जो तो कोल्ह्याचं नाव घेई. पण भोपळे पाण्यात कुजत होते. एका सकाळी गव्याने टेकडीवर चढून पाहिलं, तर सहा ठिकाणी एकही लाल झुपका नाही!

"सगळीकडे पाणी!" गवा आनंदाने ओरडला. आदल्या दिवशी जिथे पाणी नव्हतं तिथे पावसाशिवाय पाणी आलं कुठून, हे त्या उन्हात कुणाच्या डोक्यात आलं नाही. गव्यांचा सगळा कळप वासरांसकट मोठ्या तळ्याकडे निघाला. अस्वल आणि रानडुक्कर त्यांच्या मागे.

हरणीही टेकडीवर होती. सगळे मोठ्या तळ्याकडे चाललेले पाहून तिचेही पाय तिकडे वळले. एवढी सगळी कशी चुकतील? मग तिने वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या डोहावर, झाडांच्या वर, पांढरा झुपका हलत होता. तिने पाडसाला नाकाने ढकललं आणि ती एकटीच उलट्या दिशेला उतरली.

डोह लहान होता, पण दोन खडकांच्या मध्ये खोल होता. पाडस गुडघे टेकून पाणी प्यायलं, दम घेतला आणि पुन्हा प्यायलं. हरणी स्वतः प्यायची विसरली. साळू काठावर बसून हे बघत होती आणि तिचे काटे खुळखुळत होते, पण आता आनंदाने.

तिकडे मोठ्या तळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. भेगाळलेल्या चिखलात कुजका भोपळा पडला होता आणि झाडाखाली लाल झुपका. दोन वासरं तिथेच बसली, उठेनात. तेवढ्यात मोहाच्या शेंड्यावरून मावशीची हाळी आली, "इकडे या! पांढरा दिसतोय तिकडे चला!" गव्याने त्या वासरांना डोक्याने ढुसण्या देऊन उठवलं आणि खेचत, ढकलत डोहापर्यंत आणलं. सगळी वाचली, पण थोडक्यात.

संध्याकाळी सभा भरली. न बोलावताच साळू दगडावर चढली. मावशीने वरून दोन्ही ढीग गव्याच्या पायाशी टाकले आणि ते कशाचे, हेही खणखणीत आवाजात सांगितलं. पाचही पंच खाली बघू लागले. कोल्हा मागच्या मागे सटकायला लागला होता.

"कोल्होबांना एकट्यांना बोल लावू नका," साळू म्हणाली. "उलटी खूण आधी मीच बांधली होती. मला तुम्ही खडसावून विचारलंत म्हणून माझी चूक मला सापडली. तुमचे प्रश्न वाईट नव्हते. ते फक्त मलाच विचारलेत, ते वाईट झालं. एखादा हिरडा कोल्होबांनाही दिला असतात, तर आज वासरं तडफडली नसती."

मग गवा उठला. "चुकलो, बाई. तुला काय हवं ते माग."

"तेच हवं. टोळी चार दिवस आणि वाळके भोपळे." साळू थांबली. या वेळी तिचा एकही काटा खुळखुळला नाही. "आणि मला एक बेहडा द्या."

गव्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं तसा तो मोठ्याने हसला आणि त्याने विचारलं, "साळूबाई, किती पाणवठ्यांवर बांधशील? आणि पुढे काय काय करशील?"

"सातही पाणवठ्यांवर!" साळू म्हणाली. "आणि पावसाळ्यात ओढ्यावर. पाणी चढलं की खूण चढेल आणि पूर यायच्या आत सगळ्यांना कळेल." तिने एवढं काही सांगितलं की अंधार पडला तरी सभा उठेना. हे सगळं तिच्या डोक्यात कधीचंच होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून सभेच्या दगडावर एक हिरडा आणि एक बेहडा ठेवलेला असतो. जो बोलायला चढेल त्याला दोन्ही मिळतात, आणि पंचांत आता साळू आणि मावशीही बसतात. पुढच्या वर्षी कोल्हा पुन्हा दगडावर चढला. शेपटी फुलवून म्हणाला, "मंडळी, मी रानभर हिंडून एक नवीन..."

"थांब," अस्वल म्हणालं. ते अगदी मनापासून विचारत होतं. "तू रानभर हिंडणार, मग पिल्लांजवळ कोण?"

कोल्ह्याने फुलवलेली शेपटी हळूच खाली घेतली. हा प्रश्न त्याला जन्मात पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

तात्पर्य : कर्तबगार बाईला वेगळी मेहेरबानी लागत नाही, घरच्यांचा हात, एखाद्या जाणतीची साथ आणि इतरांना विचारतात तेच प्रश्न, एवढं मिळालं की ती स्वतःबरोबर साऱ्या रानाचं भलं करते.